विहिरीलाही विचार

आगाशी,
अक्षय्य तृतीया

चि. भाचेराव यांस,


मोगऱ्याच्या पानांचे फोटो पाहिले. कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. दुकानदाराने तीन गोण्या खत सांगितलं आणि तू विचारतोस, "आत्या, टाकू का?" टाकू नकोस. विचारलंस हे बरं केलंस. तुझ्या बाबांनी आधी टाकलं असतं आणि मग विचारलं असतं.

तुझ्या फोटोतला पिवळेपणा लोहाचा दिसतो. झाडाला जुन्या पानातलं लोह काढून नव्या पानाला देता येत नाही, म्हणून कोवळी पानं आधी पिवळी पडतात. मॅग्नेशियमचं उलट आहे. ते झाड खालच्या पानांतून काढून वर पाठवतं आणि पिवळेपणा खालून चढतो. एवढं मला शाळेत शिकवताना पाठ होतं, आणि त्याच शहाणपणावर मी एकदा हिराकस आणून मोगऱ्याच्या आळ्यांत घातलं. आठ-दहा दिवसांत मातीवर गंजाचा रंग चढला, पानं मात्र पिवळी ती पिवळीच. कारण नंतर कळलं. आपल्या वाडीत हातभर खणलं की शिंपल्यांचा चुरा लागतो. चुन्याच्या मातीत लोह असतं, पण मुळांना ते उचलता येत नाही. वरून घातलेलं हिराकसही तिथेच गंजून बसतं. चमचाभर कोरड्या मातीवर व्हिनेगर ओतून बघ, फसफसली तर चुना आहे. अशा जमिनीत लोह पानांवर फवारून द्यावं लागतं किंवा चिलेट स्वरूपात, आणि चिलेटही 'ईडीडीएचए' लिहिलेलं. स्वस्तातलं 'ईडीटीए' आम्लविम्ल निर्देशांक, म्हणजे सामू, चढला की टिकत नाही. पण हेही माती परीक्षण झाल्यावर.

माझ्या पहिल्या नमुन्याची गोष्ट तुला कोणी सांगितलेली नसेल, मीच लपवली होती. गंजलेल्या कुदळीने, गोठ्याच्या कडेला, एकाच जागची माती काढली आणि युरियाच्या रिकाम्या गोणीत भरून दिली. अहवाल आला: नत्र भरपूर, लोह भरपूर. मी आठवडाभर खुशीत होते!

तू तसं करू नकोस. मोगऱ्याचा तुकडा, केळीचा तुकडा आणि खाजणाकडची सखल पट्टी, तिन्हींचे नमुने वेगळे. प्रत्येक तुकड्यात नागमोडी चालत आठ-दहा जागा धर. बांध, विहीर, झाडाची सावली, खताचा खड्डा टाळ. वरचा पालापाचोळा बाजूला करून इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खड्डा कर आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत लाकडी किंवा प्लास्टिकच्या खुरप्याने खरवडून घे. सगळी प्लास्टिकच्या बादलीत मिसळ, कागदावर पसर, चार भाग कर, समोरासमोरचे दोन टाकून दे. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. वाळवायची ती सावलीत. केळीसाठी मात्र वीतभराने भागणार नाही. एक, दोन आणि तीन फुटांवरची माती वेगवेगळी घे.

आता मुख्य गोष्ट, जी तुझ्या पत्रात कुठेच नाही. मातीबरोबर विहिरीच्या पाण्याचीही बाटली दे.

तुझे पणजोबा रहाटाने पाणी काढायचे. पोहऱ्यापोहऱ्याने ते जेवढं निघायचं, तेवढं झऱ्यातून भरून यायचं. मग पंप आले. त्यानंतर इमारतींसाठी टँकर आले आणि वसईच्या विहिरी रात्रंदिवस उपसल्या गेल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, ती यासारख्याच गोष्टींसाठी. लोकांना वाटायचं पाणी संपेल. ते संपण्याआधी खारट होतं, हे गणित आहे. समुद्राचं पाणी गोड्या पाण्याहून साधारण चाळिसाव्या हिश्शाने जड असतं, म्हणून किनाऱ्याच्या जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं. समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल, तर खाली सुमारे चाळीस फूट असतं. डच अभियंता घायबेन आणि १९०१ साली जर्मनीचे हर्झबर्ग यांनी हा हिशेब मांडला. उलट वाच: वरचं एक फूट उपसलंस, तर खालचं खारं पाणी कालांतराने चाळीस फूट वर सरकू शकतं. आणि त्यात आपण गावची तळी, म्हणजे बावखलं, बुजवत आलो, ज्यांतून पावसाचं पाणी मुरून तो एक फूट टिकत होता. आपलं बावखल विकायला तुझे बाबा तयार होते. मी नाही म्हटलं, म्हणून दोन वर्षं आमचं बोलणं नव्हतं.

म्हणून अहवाल आला की नत्र-स्फुरद-पालाशकडे आधी बघू नकोस. नत्र आपल्याकडे बहुतेकांचं कमीच येतं. आधी सामू बघ, मग विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचं माप. मातीची एकच्या खाली असेल तर निश्चिंत हो, एक ते दोनच्या मध्ये उगवणीला त्रास. पाण्याची ०.७५ च्या वर गेली की जपून आणि २.२५ च्या वर केळीला ते पाणी दाखवूसुद्धा नये. केळीच्या पानांच्या कडा करपतात, त्याला लोक पालाशची कमतरता म्हणतात. ती असूही शकते, पण मीठही तसंच करपवतं, आणि नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. समजा पालाश खरंच कमी निघालं, तरी म्युरेट ऑफ पोटॅश आणू नकोस. ते पोटॅशियम क्लोराईड, म्हणजे खाऱ्या जमिनीत आणखी क्लोराईड. सल्फेट ऑफ पोटॅश महाग पडेल, तेच घे. शिफारस हेक्टरी लिहिलेली असते. शंभराने भागलंस की गुंठ्याचा आकडा मिळतो. आपले अठरा गुंठे आहेत, हे विसरून एकाने पूर्ण हेक्टरचं खत ओतलं होतं. कोण ते तू ओळखशील.

आणि एकाच अहवालावर विसंबू नकोस. वैशाखात जमीन तापते, खालचा ओलावा वर ओढला जातो आणि क्षार पृष्ठभागावर येऊन बसतात. सखल पट्टीत ती पांढरी खार तुला आत्ता दिसेल. पाऊस ते धुऊन नेतो. तीच जमीन मे महिन्यात खारट आणि दिवाळीत चांगली निघते. दोन्ही अहवाल खरे असतात. आत्ताचा नमुना सर्वांत वाईट दिवस दाखवेल, तो आधी घेऊ. दुसरा नमुना भात कापल्यावर.

नमुने कुठे द्यायचे ते आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना विचार. नाहीतर डहाणू लोकलने जा. अनुताई वाघांच्या कोसबाडला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथल्या माणसांशी बोलून ये. चिठ्ठीवर गट क्रमांक, खोली, आधीचं पीक, पुढचं पीक आणि पाणी विहिरीचं की नळाचं, सगळं लिही.

अहवाल येईपर्यंत केळीचा वाळका पाला मोगऱ्याच्या आळ्यांत पसर. सावली राहिली की ओलावा वर कमी चढतो, मीठही. पंप एकदम तीन तास चालवतोस तो सकाळी एक, संध्याकाळी एक असा चालव आणि विहिरीला दम खाऊ दे.

रविवारी पहिल्या लोकलने ये, उन्हं चढायच्या आत तिन्ही तुकडे होतील. पाच कापडी पिशव्या धुऊन आण, एक प्लास्टिकची बादली, आणि पाण्यासाठी काचेची बाटली. सरबताची आणलीस तर नीट विसळून. कुदळ आणू नकोस.

तुझी,
आत्या