आधी समोरची कड

पेणला घर आणि रोह्याजवळ धाटाव एमआयडीसीत नोकरी, म्हटल्यावर मोटरसायकलला पर्याय नाही. दुसरी पाळी सुटली की रोह्याहून भिसे खिंड, नागोठणे, वडखळ करत पेण गाठायचं. चाळीसेक किलोमीटर. दिवसा वाटेत पंक्चरवाले भेटतात. रात्री साडेअकराला खिंडीत कोण भेटणार? त्यात नागोठणे ते पेण हा भाग मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्यातला. त्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, आणि ते कधी संपणार यावर आमच्याकडे लोकांनी पैजा लावणंही सोडून दिलंय. या रस्त्यावर टायर किती टिकेल हे कंपनीलाही सांगता येणार नाही.

म्हणून गेल्या मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत, स्प्लेंडरचा मागचा टायर अंगणातच बदलायला घेतला. शेजारचे काका एसटीच्या रामवाडी कार्यशाळेतून निवृत्त झालेले. खुर्ची टाकून बसले आणि आधीच बजावलं, "मी हात लावणार नाही. तोंडाने सांगेन."

१. टायर दुकानातच वाचून घ्या. ८०/१००-१८ म्हणजे रुंदी ८० मिलिमीटर, उंची रुंदीच्या शंभर टक्के आणि रिम १८ इंची. त्याच बाजूला एका लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात पडून जुना झालेला टायर दिसायला नवाच दिसतो, पण त्याचं रबर कडक झालेलं असतं. ट्यूबही सोबत नवीनच घ्या. तिथे वाचवलेले पैसे पहिल्या पंक्चरला जातात.

२. नवा टायर तासभर उन्हात ठेवा. मे महिन्यातलं पेणचं ऊन एवढ्या एका कामाला तरी उपयोगी पडतं.

३. स्प्लेंडरची चेन उतरवावी लागत नाही. एक्सलचा नट काढायचा, त्याच्या आतला मोठा स्लीव्ह नट तसाच ठेवायचा. स्प्रॉकेट आणि चेन गाडीलाच राहतात, चाक तेवढं बाहेर येतं. ब्रेकचा रॉड आणि ब्रेक प्लेटला धरून ठेवणारी पट्टी मात्र आधी सोडवायची. निघालेला प्रत्येक वायसर आणि स्पेसर ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडत जा. मोबाइलवर फोटो काढला तरी चालेल, पण काकांचा वर्तमानपत्रावर जास्त भरवसा.

४. टायर काढायची पट्टी लावायच्या आधी वॉल्वची पिन पूर्ण काढा. नुसती दाबून सोडलेली हवा पुरत नाही. ट्यूबमध्ये थोडी जरी राहिली तरी टायरची कड आत सरकत नाही.

५. आता मूळ काम. टायरच्या कडेत पोलादी तारांचं वेटोळं असतं. ते ताणलं जात नाही, आणि रिमच्या काठापेक्षा ते लहान असतं. मग टायर निघतो कसा? रिमच्या मध्यभागी चहूकडून एक खोलगट चर असतो. एका बाजूची कड त्या चरात उतरवली की तेवढी ढील समोरच्या बाजूला मिळते, आणि तिथून कड काठावरून बाहेर येते. सगळी करामत एवढीच. मी पट्टीवर जोर लावायला लागलो की खुर्चीतून आवाज यायचा, "अरे, रट्टा कशाला लावतोस? समोरची कड बघ." समोर बघावं तर कड चरातून निसटून पुन्हा काठाला येऊन बसलेली. गुडघ्याने ती परत आत दाबली की तीच पट्टी दोन बोटांनी फिरायची.

सुरुवात वॉल्वजवळ करायची, गुडघे वॉल्वच्या समोरच्या बाजूला. एका वेळी दोन-तीन इंचच कड उचलायची. चढवताना उलट: वॉल्वच्या समोरून सुरुवात आणि शेवट वॉल्वपाशी, कारण वॉल्वच्या जागी ट्यूबच्या बुडामुळे कड चरात नीट उतरत नाही. दोन्ही कडांना साबणाचं पाणी सढळ हाताने लावा. आमच्या पेणेत ब्रशला तोटा नाही. गणपतीच्या कारखान्यातून बाद झालेला ब्रश या कामाला फार छान.

डनलॉपने १८८८ साली बेलफास्टमध्ये हवेचा टायर केला तेव्हा तो रिमला चिकटवलेला असे. पंक्चर काढायचं तर आधी तो सोलायचा, मग डिंक वाळेपर्यंत थांबायचं. सुटा होणारा टायर मिशेलिन बंधूंनी १८९१ साली आणला आणि त्याच वर्षी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सायकल शर्यत त्या टायरांवर जिंकली गेली. अंगणात घाम गाळताना हे आठवलं की जरा बरं वाटतं.

६. रिम उघडी पडली की ती बघून घ्या, पुन्हा कधी दिसणार आहे? आमची खाडीची हवा खारी. स्पोकच्या टोकांना गंज धरला होता, तो पॉलिश पेपरने घासला आणि वरची रबरी पट्टी नवी घातली. जुन्या टायरच्या आतून फडकं फिरवलं तर ते एका जागी अडकलं. तारेचं अर्ध्या नखाएवढं टोक, बाहेरून अजिबात न दिसणारं. मधूनमधून जाणाऱ्या हवेचा उलगडा तिथे झाला.

७. नवीन ट्यूब आत घालण्याआधी तिला शंखजिऱ्याची पूड चोळा आणि फक्त आकार येईल इतकी हवा भरा. साफ रिकामी ट्यूब घडी होऊन पट्टीखाली चिमटते. टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने आहे ना, तेही आत्ताच बघायचं.

८. हवा भरल्यावर टायरच्या बाजूला, रिमच्या काठालगत, एक बारीक गोल रेघ दिसते. तिचं काठापासूनचं अंतर सगळीकडे सारखं हवं. नसेल तर हवा सोडा, साबणाचं पाणी लावा, पुन्हा भरा. वॉल्व सरळ उभा हवा. त्याचा नट रिमला आवळू नका, वर टोपणापाशी ठेवा. ट्यूब आत सरकली तर वॉल्व तिरका होतो आणि नजरेस पडतो.

९. चाक बसवल्यावर ब्रेकची पट्टी, तिचा बोल्ट आणि पिन दोनदा तपासा. टायर वाकडा बसला तर गाडी लचकते, ही पट्टी सुटली तर चाकच अडकू शकतं. या बाबतीत काका खुर्चीतून उठले आणि स्वतः वाकून पाहून गेले.

१०. नवा टायर गुळगुळीत असतो. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर वळणावर गाडी फार कलवू नका, ओल्या रस्त्यावर तर नाहीच.

११. ट्यूबलेस टायर आणि अलॉय रिम असेल तर हा खटाटोप घरी करू नये, असं माझं स्पष्ट मत. त्याची कड बसायला कॉम्प्रेसरचा जोराचा झोत लागतो, पायपंपाचं ते काम नाही. आणि पट्टीने रिमच्या काठाला ओरखडा गेला की तिथून हवा झिरपत राहते. दुकानात मशीन असतं, द्यावेत त्याचे पैसे.

१२. जुना टायर अंगणात टाकून ठेवू नका. जूनमध्ये त्यात पाणी साचतं आणि डासांची पैदास होते. ट्यूब मात्र कापून ठेवावी. कॅरिअरला डबा बांधायला तिच्या पट्टीसारखं दुसरं काही नाही, आणि आता त्या डब्यात टायर काढायच्या दोन पट्ट्या, पॅच आणि लहान पंपही असतो.