नवेगावचा बांध आणि सात बहिणी

नवेगावबांध गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. पूर्वी हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला. दोन्ही जिल्ह्यांना तलावांचे जिल्हे म्हणतात, कारण गावोगावी तलाव आणि बोड्या आहेत. नवेगावचा तलाव त्यांतला फार मोठा. त्याचे पाणी सुमारे ११ चौरस किलोमीटर पसरते.

एवढा मोठा तलाव पाहून तो आपोआप झाला असे वाटते. पण तो माणसांनी बांधला आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असे सांगतात. कोहळी लोक तलाव बांधण्यात फार हुशार. तेव्हा यंत्रे नव्हती. डोंगरांच्या मधे जिथे मोकळी जागा होती तिथेच मातीची पाळ घातली. बाकी बाजूंना डोंगर होतेच. म्हणून थोड्या पाळीत पुष्कळ पाणी अडले.

या डोंगरांना सात बहिणी म्हणतात. बांध पुरा करायला या बहिणींनी कोलूला मदत केली, अशी गोष्ट म्हातारी माणसे सांगतात. कोलूला लोक कोलासुर देव मानतात. त्याचे ठाणे डोंगरावर आहे. तलावाच्या मधे मालडोंगरी नावाचे बेट आहे.

तलावाभोवती दाट जंगल आहे. साग, ऐन, बिजा, धावडा, तेंदू, मोह आणि बांबू अशी झाडे आहेत. १९७५ मध्ये हे जंगल राष्ट्रीय उद्यान झाले. तेव्हापासून तिथे शिकार आणि झाडतोड करता येत नाही. २०१३ मध्ये नवेगाव आणि नागझिरा मिळून व्याघ्र प्रकल्प झाला.

जंगलात वाघ, बिबट, अस्वल, रानगवा, सांबर, चितळ, नीलगाय आणि रानकुत्रे आहेत. अस्वलाला मोहफुले फार आवडतात. माणसेही पहाटे मोह वेचायला जातात. म्हणून एकटे जाऊ नये, चारपाच जणांनी बोलत बोलत जावे.

हिवाळ्यात तलावावर दूरच्या थंड देशांतून पाखरे येतात. तलवार बदक आणि चक्रवाक येतात. उन्हाळा लागला की परत जातात. आपल्या जिल्ह्यात सारस पण आहे. तो माणसाएवढा उंच असतो. नरमादी जोडीने राहतात. सारस धानाच्या बांदीत घरटे करतो. महाराष्ट्रात सारस आता फार थोडे उरले आहेत, तेही जास्त करून गोंदिया जिल्ह्यातच.

मारुती चितमपल्ली इथे वनाधिकारी होते. ते मूळचे सोलापूरचे. त्यांनी ‘नवेगावबांधचे दिवस’ हे पुस्तक लिहिले. २०२५ मध्ये ते वारले.

काही लोक म्हणतात, जंगल राखून आपल्याला काय मिळते? रानडुकरे धान खातात, वाघ गुरे मारतो. हे खरे आहे. ज्याची गाय गेली त्याला फार दुःख होते. सरकारने त्याला भरपाई लवकर दिली पाहिजे. पण डोंगरावर झाडे नसली तर काय होईल? पावसात माती वाहून येईल आणि तलावात गाळ भरेल. गाळ भरला की पाणी कमी मावेल. मग धानाला पाणी कुठून आणायचे? माझे आजोबा म्हणतात, “डोंगरावर झाड राहील त तलावात पानी राहील, पानी राहील त धान होईल.” कोलू पाटलांनी नुसती पाळ बांधली. पाणी जिरवून हळूहळू खाली सोडायचे काम सात डोंगरांवरची झाडे आजपर्यंत करत आहेत.

म्हणून मित्रांनो, आपण एवढे करू या :
१. बांदीत सारसाची अंडी दिसली तर हात लावू नये. मोठ्यांना सांगावे.
२. तलावात प्लास्टिक टाकू नये.
३. जंगलात विडी, काडी पेटवू देऊ नये. वणवा लागतो.
४. तलावाच्या काठावर बेशरम वाढली तर गावाने मिळून काढावी.

सांगा पाहू :
१. नवेगावचा तलाव कोणी बांधला?
२. थोड्या पाळीत पुष्कळ पाणी कसे अडले?
३. तुमच्या गावच्या बोडीत पाणी कोणत्या डोंगरावरून येते? तिथे झाडे आहेत काय?

– इयत्ता चौथी