वाळूतला चर ओळखा



तारकर्ली, देवबाग, वायरी, दांडी, चिवला ही नावे आपल्या रोजच्या तोंडातली. समुद्रही आपण रोज पाहतो. पण वरच्या लाटा पाहून पाण्याखालची वाळू कशी आहे, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मलाही येत नव्हते.

सुट्टीत मी आजोबांबरोबर गरवायला गेलो. मी पोचल्याबरोबर गरीला सुंगटाचा तुकडा लावला आणि जिथे फेस जास्त तिथे तंगूस भिरकावला. तासाभरात मला फक्त शेवाळ मिळाले. आजोबा मात्र आधी दहा मिनिटे वाळूवर नुसते बसून राहिले. मग थोडे चालत गेले आणि एका जागी गरी टाकली. त्यांना पाच मुडदुशे मिळाले. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "झिला, पांढऱ्या पाण्यात काय गावाचा नाय. लाट खंय फुटणा नाय, ती जागा बघ."

लाट कुठे फुटते?

लाट उथळ पाण्यात आली की तिचा पाय वाळूला अडखळतो, माथा पुढे जातो आणि ती फुटते. एक मीटर उंचीची लाट साधारण सव्वा मीटर पाण्यात फुटते. म्हणजे जिथे पाणी पांढरे, तिथे खाली वाळूचा उंचवटा आहे असे समजावे. जिथे लाट न फुटताच पुढे सरकते आणि पाणी गडद दिसते, तिथे खोली जास्त आहे.

किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर वाळूचा लांब दांडा तयार होतो. लाटा त्याच्यावरून पाणी आत आणतात. ते पाणी दांडा आणि किनारा यांच्यामध्ये साठते व किनाऱ्याच्या कडेकडेने वाहू लागते. वाहताना ते खालची वाळू खणते. हाच वाळूतला चर. साठलेले पाणी शेवटी कुठेतरी दांडा फोडून परत समुद्रात जाते. ते चराचे तोंड.

मासा चरात का येतो?

लाटा वाळू ढवळतात. त्यातले किडे, बारीक कुर्ल्या व शिंपल्या उघड्या पडतात आणि घरंगळत चरात जमतात. मुडदुशे हेच खातात. बारीक मासे चरात आले की त्यांच्या मागून मोठे मासे येतात. भरती चढू लागली की मासा चराच्या वाटेने किनाऱ्याजवळ येतो, आणि पाणी उतरू लागले की त्याच वाटेने परत जातो.

चर ओळखण्याच्या खुणा

(१) दोन्ही बाजूंना लाटा फुटतात, पण मधला पट्टा शांत व गडद दिसतो.
(२) तिथून फेस, शेवाळ किंवा गढूळ पाणी समुद्राकडे जाताना दिसते.
(३) किनारा तिथे थोडा आत गेलेला असतो आणि वाळूचा उतार जास्त असतो.
(४) कुरव पक्षी त्याच जागी पुन्हा पुन्हा झेप घेतात.

सर्वांत सोपी युक्ती म्हणजे ओहोटीला जाणे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते. त्या दिवशी आपल्याकडे भरती दुपारच्या सुमारास आणि ओहोटी संध्याकाळच्या सुमारास येते. पुढे रोज ही वेळ साधारण पन्नास मिनिटांनी सरकते. उधाणाच्या ओहोटीला पाणी खूप मागे जाते आणि चर उघडा दिसतो. त्याच्या समोरचा एखादा माड किंवा सुरूचे झाड लक्षात ठेवावे. भरतीला त्या झाडाच्या समोर उभे राहिले की चर कुठे आहे ते न दिसताही कळते.

पण ही खूण कायमची नाही. पावसाळ्यातल्या लाटा किनाऱ्याची वाळू आत ओढून नेतात, आणि पावसाळा संपल्यावर ती हळूहळू परत येते. चर त्याप्रमाणे जागा बदलतो. म्हणून आजोबा रोज नव्याने बसून बघतात. रापणवालेही असेच बघतात. पाण्याचा रंग आणि पक्षी बघून ते होडीतून जाळे अर्धगोल टाकतात, मग दोन्ही टोके किनाऱ्यावरून ओढतात.

आता महत्त्वाचे

मासे धरून झाल्यावर मी पाय धुवायला त्या शांत पाण्याकडे निघालो. आजोबांनी माझा दंड घट्ट धरला व म्हणाले, "जंयसर मासो येता, थंयसर माणसान उतरूचा नाय."

चराच्या तोंडातून पाणी जोरात बाहेर जाते. जोर असेल तेव्हा त्याचा वेग सेकंदाला दोन मीटरपर्यंत असतो. पट्टीचा पोहणाराही त्याच्या उलट पोहू शकत नाही. बाहेरून आलेल्या माणसांना मोठ्या लाटांची भीती वाटते, म्हणून ती लाट नसलेली जागा बघून तिथेच उतरतात. तीच जागा सर्वांत वाईट. एप्रिल २०१७ मध्ये आपल्या वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून कॉलेजच्या सहलीला आलेले ८ जण बुडाले. घरी आजही त्या दिवसाचा विषय निघाला की आई गप्प होते.

कोणी सापडलाच तर काय करावे?

हे पाणी माणसाला खाली ओढत नाही, बाहेर ओढते. लाटांच्या पलीकडे त्याचा जोर संपतो. म्हणून घाबरू नये. किनाऱ्याकडे सरळ पोहू नये. आधी किनाऱ्याला समांतर, बाजूच्या पांढऱ्या पाण्याकडे पोहावे. तिथे उथळ असते आणि लाटाच आपल्याला किनाऱ्याकडे ढकलतात. दम संपला तर उताणे तरंगावे व हात वर करावा. किनाऱ्यावरच्यांनी मागोमाग उडी घालू नये. दोरी, रिकामा कॅन, बोया असे काहीही तरंगणारे फेकावे, मच्छीमारांना हाक मारावी आणि ११२ क्रमांकाला फोन करावा.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी पाहुणे उतरतात. त्यांना आपण जेवण देतो, खोली देतो. त्याबरोबर एवढेही सांगावे की, "शांत दिसणाऱ्या पाण्यात उतरू नका." ते सांगायला पैसे पडत नाहीत. आणि आपण मुलांनी मोठे माणूस बरोबर असल्याशिवाय गरवायला जाऊ नये, गेलो तरी कोरड्या वाळूवरूनच गरी टाकावी.

करून पाहा
येत्या पौर्णिमेला संध्याकाळी घरच्या मोठ्या माणसांबरोबर किनाऱ्यावर जा. चर शोधा, त्याच्या समोरचे झाड लिहून ठेवा आणि वर्गात नकाशा काढून आणा. पंधरा दिवसांनी अमावास्येला पुन्हा बघा. चर त्याच झाडासमोर आहे का?

– इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी