न बांधलेली इमारत : कार्ले येथील चैत्यगृह



धम्म स्वीकारलेल्या आपल्या कुटुंबांतून सुट्टीच्या दिवशी लेणी पाहावयास जाण्याची चांगली प्रथा पडली आहे. परंतु पुष्कळ मंडळी लेण्यात जातात, वंदना घेतात, सावलीत बसून भाकरी खातात आणि घरी येतात. पोराने विचारले, "हे कोणी बांधले?" की कोणीतरी पटकन सांगतो, "पांडवांनी, एका रात्रीत!" नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांना तर 'पांडवलेणी' हेच नाव लोकांच्या तोंडी बसले आहे. ज्यांनी पिढ्यान्पिढ्या छिन्नी चालवली त्यांची नावे दगडावर लिहिलेली असताना आपण आपल्याच मुलांना हे उत्तर द्यावे काय? म्हणून या अंकात कार्ल्याचे चैत्यगृह कसे पाहावे ते पाहू. पुणे-लोणावळा लोकलने मळवली स्टेशनावर उतरले की एका बाजूस भाजे, दुसऱ्या बाजूस कार्ले. दोन्ही लेणी एका दिवसात होतात.

प्रथम 'बांधले' हा शब्द सोडा. घर बांधताना आपण पाया खणतो, भिंत उचलतो, तुळया टाकतो, सर्वांत शेवटी छप्पर घालतो. म्हणजे वस्तू आणून जोडत जातो. कार्ल्याला जोडणी जवळजवळ नाहीच. जे नको ते काढून टाकले आणि जे उरले ते घर झाले. पाथरवट दगडातून मूर्ती काढतो, तसे त्या कारागिरांनी डोंगरातून घर काढले. मूर्तीभोवती आपण बाहेरून फिरतो, येथे मात्र आपण मूर्तीच्या पोटात उभे असतो. याला इमारत म्हणावे की शिल्प? मला विचाराल तर हा भेद त्या कारागिरांच्या मनात नसावा.

कामाचा क्रमही उलटा असे. अजिंठ्याला २४ आणि २९ क्रमांकांची लेणी अपुरी राहिली आहेत, त्यांवरून हे समजते. आधी छत कोरून पुरे करायचे, मग खाली खाली यायचे. पायाखालचा न फोडलेला कातळ हीच त्यांची परात. उंच छतासाठी वेगळा मचाण बांधण्याची गरज पडत नसे. पण एक अडचण मोठी होती. सुताराची फळी चुकली तर तो दुसरी घेतो, गवंड्याची वीट वाकडी बसली तर तो ती काढतो. येथे खांबातून एक ढलपा जास्त उडाला तर तो परत लावता येत नाही. हा खांब कोठे उभा राहणार, हे खांब नसतानाच, वरच्या अंधारात बसून ठरवावे लागे. आपल्यात पाथरवट, गवंडी, सुतार अनेक आहेत. या कामाची धास्ती त्यांना जास्त कळेल.

आता आत या. सुमारे १२४ फूट लांब, ४६ फूट रुंद आणि ४५ फूट उंच असे हे दालन आहे. काळ सुमारे २ हजार वर्षांपूर्वीचा. दोन्ही बाजूंस १५-१५ खांब आहेत, त्यांच्या पायाशी घट आहेत, माथ्यावर गुडघे टेकलेले हत्ती व त्यांवर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी आहेत. स्तूपामागचे ७ खांब मात्र अगदी साधे, अष्टकोनी.

हे खांब काय पेलतात? खरे तर फारसे काही नाही. डोंगर स्वतःला पेलून आहे. घारापुरीच्या लेण्यात दुरुस्ती होण्यापूर्वी काही खांबांचा तळ तुटून माथा छताला तसाच लोंबकळत होता, तरी छत पडले नव्हते. मग खांब कशाला? वर पाहा. छताच्या कमानीला लाकडी फासळ्या बसवल्या आहेत. त्यातले पुष्कळसे लाकूड मूळचे आहे. त्या फासळ्यांवरही काही भार नाही. याआधी संघाची चैत्यगृहे लाकडाची होती, ती ऊन-पावसात नाहीशी झाली. त्या लाकडी घराचे रूप कारागिरांनी दगडात उतरवले आणि जेथे दगडाने भागेना तेथे खरे लाकूड लावले. भाज्याला गेलात तर तेथील खांब आत झुकलेले दिसतील. लाकडी छताचा रेटा सहन करण्यासाठी खांब झुकता ठेवतात. दगडात त्याची गरज नव्हती, पण हाताची सवय सुटली नाही. भाज्याच्या नंतरच्या या कार्ल्यात खांब सरळ उभे आहेत. हा बदल पाहण्यासाठी तरी दोन्ही लेणी एकाच दिवशी पाहावीत.

हे लक्षात घेतले म्हणजे दर्शनी भागातील एका लेखाचे आश्चर्य वाटत नाही. दार करणाऱ्याचे नाव तेथे दिले आहे : धेनुकाकट गावचा, वेणुवासाचा मुलगा सामि. धंदा 'वढकी', म्हणजे वर्धकी, म्हणजे सुतार! दगडी घराचे दार सुताराने केले.

नवी माणसे आत येऊन विचारतात, "भगवंतांची मूर्ती कोठे आहे?" आत मूर्ती नाही, स्तूप आहे. हे दालन कोरले तेव्हा वंदना स्तूपाला होत असे. दर्शनी भागावर ज्या बुद्धमूर्ती दिसतात त्या काही शतकांनंतर, जुने कोरीवकाम तोडून कोरल्या आहेत. स्तूप भरीव आहे, त्याच कातळाचा आहे, वर लाकडी छत्र आहे. नागपूरच्या दीक्षाभूमीवर २००१ साली खुला झालेला स्तूप आतून पोकळ आहे, त्यात आपण शिरतो. येथे स्तूपात शिरता येत नाही, त्याला प्रदक्षिणा घालायची. दारावरच्या पिंपळपानाच्या आकाराच्या मोठ्या गवाक्षातून उजेड आत येतो, खांबांच्या मागे अंधार राहतो आणि स्तूप उजळतो. दिवा न लावता केलेली ही योजना आहे. थोडा वेळ गप्प बसून पाहा.

मग खर्च कोणी केला? वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासीचा, भूतपाल नावाचा श्रेष्ठी लिहून ठेवतो की हे जंबुद्वीपातील सर्वोत्तम शैलगृह आपण पूर्णत्वास नेले. श्रीमंताची थोडी बढाई आहे. पण घर पाहिल्यावर ती खपून जाते. बाहेरचा सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणकाचा. परंतु एकट्या धनिकाचे हे काम नव्हे. एकेक खांब वेगवेगळ्या माणसांनी दिला आहे, त्यांत स्वतःला यवन म्हणवणारे लोक आहेत, सोपाऱ्याचा भिक्खू आहे. दात्यांत भिक्खुणीही आहेत. अन्य लेण्यांतही हेच दिसते. कोकणात कुडे येथे एका माळ्याचे आणि कऱ्हाडच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याचे दान नोंदले आहे. जुन्नरला बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचे नाव आहे, दानाची रक्कम त्यांच्याकडे ठेव म्हणून ठेवली होती.

या लेखांत माणूस आपले नाव, गाव आणि धंदा सांगतो. ज्या वाड्या-वस्त्यांतून आपण आलो तेथे धंद्यावरून हाक मारली जाई ती हिणवण्यासाठी. येथे सुतार आपला धंदा चैत्यगृहाच्या दारावर कोरून ठेवतो. मुलांना हे अवश्य सांगा.

जाताना टॉर्च न्या. खांबांवरील अक्षरे ब्राह्मी लिपीतील आणि भाषा प्राकृत आहे. सगळे वाचता आले नाही तरी एक शब्द मुलांना शोधायला लावा. उभी रेघ व तिच्या तळाशी आडवी रेघ असे अक्षर दिसले की तो 'न'. त्याच्या डोक्याजवळ टिंब असेल तर 'नं'. त्याच्या आधीचे, एका बाजूस उघडे असलेले वळणदार अक्षर 'दा'. लेखाच्या शेवटी बहुधा हाच शब्द सापडतो : दानं.