गरोदरपणातील रक्तक्षय : समज, आहार आणि गोळी

तपासणीत रक्तक्षय आढळला की गर्भवतीला बहुधा ‘रक्त कमी आहे’ एवढेच सांगितले जाते. बंगळुरूमध्ये हेच कन्नडमध्ये ‘रक्त कडिमे’ असे ऐकू येते. या शब्दांमुळे शरीरातील रक्तच घटले, असा समज होतो. प्रत्यक्षात गरोदरपणात रक्ताचे आकारमान सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढते. कमी पडते ते प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन. राष्ट्रीय कार्यक्रमानुसार ते प्रति डेसिलिटर ११ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय मानतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार (२०१९-२१) देशातील ५२.२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय होता. थकवा व धाप ही गरोदरपणाची नेहमीचीच लक्षणे समजली गेल्याने उपचारास विलंब होतो. तीव्र रक्तक्षयात मुदतपूर्व प्रसूती, कमी वजनाचे बाळ आणि मातेच्या जिवास धोका संभवतो.

लाल रंग म्हणजे लोह नव्हे

बीट व डाळिंब लाल असल्याने रक्त वाढवतात, अशी समजूत आहे. मात्र १०० ग्रॅम बिटात लोह १ मिलिग्रॅमहून कमी असते. गर्भवतीची दैनंदिन गरज २७ मिलिग्रॅम धरल्यास ती केवळ बिटातून भागवण्यासाठी तीन किलोंपेक्षा अधिक बीट लागेल. कर्नाटकाचे मुख्य अन्न असलेल्या नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ४.६ मिलिग्रॅम, तर बाजरीत सुमारे ६.४ मिलिग्रॅम लोह असते. परंतु धान्यातील फायटिक आम्ल लोहाच्या शोषणात अडथळा आणते. धान्यास मोड आणल्यास हे आम्ल घटते. जेवणासोबत लिंबू, आवळा किंवा पेरू घेतल्यास शोषण वाढते. जेवणानंतर लगेच घेतलेल्या चहा-कॉफीने ते कमी होते.

गोळीविषयीचे गैरसमज

लोहाच्या गोळीने बाळ फार मोठे किंवा काळे होते, या समजास आधार नाही. शौचाचा रंग काळसर होणे अपेक्षित असून ते घातक नाही. गोळीत लोहासोबत फॉलिक आम्लही असते. १९२८ च्या सुमारास ल्युसी विल्स यांनी मुंबईतील गिरणी कामगार गर्भवतींच्या रक्तक्षयाचा अभ्यास सुरू केला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांना आढळले. पुढे त्यातील घटक फॉलिक आम्ल असल्याचे सिद्ध झाले. म्हणजेच प्रत्येक रक्तक्षय केवळ लोहाच्या कमतरतेमुळे होत नाही.

शिफारशी

१. पहिल्या तपासणीपासून हिमोग्लोबिनचा आकडा नोंदवून ठेवावा व प्रत्येक तपासणीत पाहावा.
२. दुसऱ्या तिमाहीपासून ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्लाची गोळी रोज, किमान १८० दिवस घ्यावी. प्रसूतीनंतरही १८० दिवस सुरू ठेवावी.
३. लोहाची व कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घेऊ नये.
४. महिनाभरात हिमोग्लोबिन न वाढल्यास डॉक्टरांकडून कारण तपासून घ्यावे.

आहार हा रक्तक्षयाच्या प्रतिबंधाचा पाया आहे. मात्र रक्तक्षय झाल्यावर केवळ आहारावर विसंबून गोळी टाळू नये.