कंपनाचे मूळ : नायट्रो हेलिकॉप्टरच्या इंजिनाचा एक अभ्यास

दुःख आहे एवढे सांगून तथागत थांबले नाहीत. दुःखाला कारण असते, ते कारण दूर केले म्हणजे दुःख दूर होते आणि ते दूर करण्याचा मार्गही आहे, असा क्रम त्यांनी घालून दिला. आपल्या विद्यालयाच्या प्रयोगशाळेत एका लहानशा यंत्राशी झगडताना हा क्रम आम्हांस वारंवार आठवला. हे यंत्र म्हणजे नायट्रो इंधनावर चालणारे, रेडिओ लहरींनी नियंत्रित होणारे हेलिकॉप्टरचे लहान प्रतिरूप होय. इतिहास शिकविणाऱ्याने इंजिनावर लिहावे याचे कोणास नवल वाटेल. परंतु हाती असलेल्या पुराव्यावरून कारणापर्यंत मागे जाणे हेच इतिहासाचे काम आहे आणि यंत्र दुरुस्त करणाऱ्याचेही.

घडले ते असे

एका माजी विद्यार्थ्याने हे प्रतिरूप शाळेस भेट दिले व उडविण्याची जबाबदारीही स्वतःकडे घेतली. ते सिद्ध करण्याचे काम नववीतील एका मुलाकडे होते. सुरू होताच त्याचा शेपटीकडील पडदा थरथरून धूसर दिसे. दिशा स्थिर राखणारा जायरो गोंधळू लागला, तेव्हा आम्ही त्याखाली स्पंज चिकटविला. तेवढ्याने भागेना म्हणून स्पंजाचा दुसरा थर दिला. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सरावात यंत्र दोन पुरुष उंचीवर असताना इंजिन एकाएकी बंद पडले आणि ते मैदानाच्या कडेला, मुलांच्या रांगेपासून थोड्याच अंतरावर कोसळले. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. कोणी अर्धवट थट्टेने "नजर लागली" म्हणाले. कोणी त्या मुलाकडे बोट दाखविले. तो दोन दिवस नीट जेवला नाही. दोष नशिबाचा नाही आणि त्या मुलाचाही नाही, हे केवळ तोंडाने सांगून भागणार नव्हते. ते सिद्ध करून दाखविणे आम्हांस आवश्यक वाटले.

इंजिन थरथरते का?

या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. १९४७ साली अमेरिकेत रे आर्डेन यांनी प्रचारात आणलेला ग्लो प्लग त्यात असतो. प्लॅटिनमयुक्त तारेचे बारीक वेटोळे एकदा तापविले की मिथेनॉलच्या संयोगाने ते तप्तच राहते आणि प्रत्येक फेऱ्यात इंधन पेटविते. इंधन म्हणजे मिथेनॉल, नायट्रोमिथेन व वंगणतेल यांचे मिश्रण. आमचे इंजिन सुमारे ८ घन सेंटिमीटर क्षमतेचे, एका सिलिंडरचे आहे.

एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन खालीवर धावतो, तर क्रँकशाफ्ट गोल फिरतो. क्रँकशाफ्टवर पिस्टनच्या विरुद्ध बाजूस वजन ठेवून तोल साधतात. पण ते वजन वर्तुळात फिरते आणि पिस्टन सरळ रेषेत. त्यामुळे खालीवर होणारा हिसका पूर्ण मारू गेल्यास तितकाच हिसका आडव्या दिशेने उत्पन्न होतो. म्हणून मध्यम प्रमाण स्वीकारावे लागते. मोटारगाड्यांसाठी इंग्लंडचे फ्रेडरिक लँचेस्टर यांनी परस्परविरुद्ध फिरणाऱ्या दोन दंडांची युक्ती १९०४ मध्ये शोधली. परंतु मुठीएवढ्या इंजिनात तिला जागा कोठली? काही कंपन या इंजिनाच्या घडणीतच आहे, ते स्वीकारावेच लागते. आपल्या हयगयीने त्यात जी भर पडते, ती मात्र काढता येते. हा भेद ओळखणे ही पहिली पायरी.

ही भर किती मोठी असू शकते, हे गणिताने पाहू. मुख्य पंखा मिनिटास १,८०० फेरे घेतो आणि गतिबदलाचे प्रमाण साडेआठास एक आहे असे धरले, तर इंजिनाचे फेरे १५,३०० होतात, म्हणजे सेकंदास २५५. इंजिनाच्या दंडावर बसविलेला थंडावा देणारा फॅन ६० ग्रॅमचा असून तो मध्यापासून केवळ ०.१ मिलिमीटर सरकला, तर या वेगाला त्याचा ओढा सुमारे दीड किलो वजनाइतका होतो. आणि तो प्रत्येक फेऱ्यात दिशा बदलतो. वेग दुप्पट झाला की हा ओढा चौपट होतो. डोळ्यांस न दिसणारी चूक यंत्र असे मोठे करून दाखविते.

कंपनाची ओळख

प्रत्येक फिरत्या भागाच्या कंपनाची लय निराळी असते. वरील हिशेबाने मुख्य पंख्याची लय सेकंदास ३० आहे. शेपटीचा पंखा त्याच्या साडेचारपट वेगाने फिरत असेल तर त्याची लय १३५ आणि इंजिनाची २५५. म्हणून संपूर्ण यंत्र सावकाश डुलत असेल तर दोष मुख्य पात्यांत शोधावा. शेपटीचा पडदा बारीक गुंजारव करीत धूसर दिसत असेल आणि इंधनाच्या नळीत फेस चढत असेल, तर संशय इंजिनावर, त्यावरील फॅनवर किंवा शेपटीच्या पंख्यावर घ्यावा.

इंधनातील फेस हाच आमच्या अपघाताचा दुवा होता. टाकीतील इंधन कंपनाने फेसाळले, नळीतून इंधनाबरोबर हवेचे बुडबुडे गेले, इंजिनास इंधन अपुरे पडले, ते तापले आणि बंद पडले. आम्ही स्पंज लावला होता तो जायरोखाली. टाकी तशीच थरथरत होती. लक्षण झाकले गेले, कारण जागच्या जागी राहिले.

शोधाचा क्रम

आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलण्याचा आणि प्रत्येक बदल वहीत नोंदविण्याचा नियम केला. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाचा आला ते कळत नाही.

प्रथम मुख्य व शेपटीची पाती काढून इंजिन अगदी मंद गतीने चालविले. मंद गतीत क्लच सुटा असतो. तेव्हा जाणवणारी थरथर इंजिन व फॅन यांचीच. मग वेग किंचित वाढवून क्लच धरू दिला. आता नव्याने काही जाणवले तर क्लच, दातेरी चक्र किंवा मुख्य दंड तपासावयाचा. पाती नसताना इंजिनावर भार नसतो, म्हणून वेग फार वाढवू नये. इंजिन बेफाम होऊन नासते. आमच्या यंत्रात थरथर पहिल्याच टप्प्यावर आढळली.

इंजिन बंद करून ग्लो प्लग काढला, म्हणजे दंड हाताने सहज फिरतो. फॅनच्या तुंब्यावर डायल गेज टेकवून तो सावकाश फिरविला. काटा ०.१४ मिलिमीटर हलला. ही हालचाल ०.०५ च्या आत असावी. तुंबा उतरविला, तेव्हा त्याच्या बैठकीखाली ॲल्युमिनियमचा तिळाहून लहान कण दबलेला आढळला. दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ पुसून तुंबा पुन्हा बसविला आणि मोजले : ०.०७. नट सैल करून तुंबा दंडावर पाव फेरा वळविला, पुन्हा आवळला : ०.०३. पिस्टन अडवून नट आवळू नये, कनेक्टिंग रॉड वाकतो. क्रँकशाफ्ट धरून ठेवणारे साधन वापरावे.

उरलेली कामे

मूळ सापडले तरी बाकीची तपासणी टाळू नये. क्लचच्या जोडांत केसाएवढी चीर नाही ना, क्लच बेलचे अस्तर सर्वत्र सारखे चिकटले आहे ना, हे पाहावे. इंजिन धरणारे स्क्रू सैल करून क्लच बेलच्या मध्यावर आणावा व मग ते तिरक्या जोडीने आवळावेत. धातूत बसणाऱ्या प्रत्येक स्क्रूस थ्रेडलॉक लावावे. बेअरिंग बोटाने फिरविताना खरखर लागली तर ते बदलावे. साधी आपटी बसली तरी मुख्य दंड व पात्यांमधील आडवी दांडी सपाट काचेवर लोळवून पाहावी; वाकलेली दांडी काचेवर लंगडत चालते.

मुख्य पात्यांची जोडी वजनाने समान हवीच. शिवाय दोहोंचा गुरुत्वमध्य टोकापासून सारख्या अंतरावर हवा. आधी गुरुत्वमध्य जुळवावा, नंतर हलक्या पात्यावर चिकटपट्टी लावून वजन जुळवावे. दोन्ही टोकांस निरनिराळ्या रंगांची पट्टी लावली म्हणजे कोणते पाते वरून फिरते ते दुरून दिसते. कार्ब्युरेटरच्या सुईचे काम सर्वांत शेवटी. इंधन अधिक झाले तर इंजिन अडखळते, कमी झाले तर तापते आणि खडखडते. दोन्ही प्रकारांत कंपन वाढते. योग्य मेळ असता मागे धुराची बारीक रेघ राहते. सर्व झाल्यावर टाकी रबराच्या आधारांवर ठेवावी. मऊ आधार निरुपयोगी नाही. त्याची जागा कारण दूर केल्यानंतरची आहे.

येथे पालकांसाठी एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. ही पाती जीवघेणी असतात. चालू यंत्राच्या पातळीत कोणी उभे राहू नये आणि प्रेक्षक खूप दूर असावेत. त्या दिवशी अंतर कमी ठेवले, ही चूक आम्हा शिक्षकांची होती. मिथेनॉल विषारी आहे व त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. मोठ्या माणसाच्या देखरेखीवाचून इंधनास हात लागता कामा नये.

हात आणि विचार

इगोर सिकोर्स्की यांच्या व्हीएस-३०० या हेलिकॉप्टरने १४ सप्टेंबर १९३९ रोजी दोरांनी बांधलेल्या अवस्थेत जमीन सोडली, तेव्हा तेही भयंकर थरथरत होते. ते सुधारले ते एकेक दोष शोधूनच. आपल्याकडे मात्र शतकानुशतके यंत्रास हात लावणारा एक आणि विचार करण्याचा अधिकार असणारा दुसरा, अशी फारकत केली गेली. हात राबले, पण त्यांच्या ज्ञानाला ग्रंथात जागा मिळाली नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याची धुरा वाहताना बाबासाहेबांनी तंत्रशिक्षणावर भर दिला, त्यामागील अर्थ आम्हांस डायल गेजचा काटा हलताना अधिक उमगला.

तो कण त्या मुलाने स्वतः चिमट्याने उचलला व कागदात गुंडाळून वहीत ठेवला. पुढच्या सरावाच्या दिवशी यंत्र उडण्यापूर्वी तो गुडघ्यांवर बसून इंधनाच्या नळीकडे एकटक पाहत होता. इंजिन चालू होते आणि नळीत एकही बुडबुडा नव्हता. ती वही आणि त्यातील कण प्रयोगशाळेच्या कपाटात आहेत. आपण याल तेव्हा अवश्य पाहावेत.