परसातील वेलांचा मांडव

मृगाच्या सुमारास दोडका, कारली, पडवळ, दुधी यांचे बी टोकावयाचे, आणि वेल हातभर वाढून जमिनीवर लोळू लागला म्हणजे मग मांडवाची आठवण करावयाची, असा प्रघात आपल्या खेड्यांतून बहुधा दृष्टीस पडतो. तेव्हा घाईने चार काठ्या रोवल्या जातात, वर तुराट्या पसरल्या जातात, आणि सुतळीचे वेढे देऊन घरधनी मोकळा होतो. श्रावणात फळे लोंबू लागतात आणि एखाद्या वादळी रात्री सारा मांडव भुईसपाट होतो. पडलेला वेल उचलून बांधला तरी तो क्वचितच सावरतो, कारण त्याचा बुंधा पिरगळलेला असतो. ज्या कुटुंबाने बी-खतासाठी उसने पैसे आणले असतील, त्याची हानी तर केवळ भाजीपुरती राहत नाही. म्हणून मांडवाविषयी, व विशेषेकरून त्याच्या मेढींविषयी, काही विस्ताराने लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

आपण भाजीचा मांडव लग्नाच्या मांडवासारखा घालतो, हेच या अनर्थाचे मूळ होय, असे आम्हांस वाटते. लग्नाचा मांडव कोरड्या वैशाखात चार दिवस उभा राहतो, व त्यावर डहाळ्यांपलीकडे भार नसतो. भाजीचा मांडव ऐन पावसात चार महिने उभा असतो, आणि त्याचा भार दररोज वाढत जातो. दुधीचे एक फळ सुमारे एक किलोचे धरिले, तर दहा फूट लांब व तितक्याच रुंद मांडवावर पंधरा फळांचे पंधरा किलो झाले. त्यात भिजलेल्या पानांचे व वेलांचे वजन निराळेच. तथापि वजनापेक्षा वारा अधिक घातक असतो. दाट पाने शिडाप्रमाणे वारा अडवितात, त्यामुळे मेढ बुडाशी डुलू लागते, भोवतीचा खळगा रुंदावतो, त्यात पाणी साचते, आणि मग पुढील झोताला ती आडवी होते.

पडलेल्या मांडवाची मेढ उपटून पाहावी, म्हणजे आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. ती खाली टोकाशी पुष्कळदा शाबूत असते, वरही धड असते. कुजलेली असते ती जमिनीच्या पृष्ठभागालगत, वीतभर वर आणि वीतभर खाली. लाकूड कुजविणाऱ्या बुरशीला ओल व हवा ही दोन्ही लागतात, आणि त्या ठिकाणी दोन्ही मिळतात. वाळवीही तेथेच प्रथम चढते. तेव्हा जी काही काळजी घ्यावयाची ती या दोन वितींची घ्यावी.

लाकूड निवडताना केवळ जाडी पाहून भागत नाही. बाभळीचा आतला गडद गाभा टिकाऊ असतो, परंतु बाहेरचे फिकट लाकूड कीड लवकर खाते. म्हणून कोवळ्या बाभळीच्या जाड फांदीपेक्षा जुन्या झाडाची, गाभा भरलेली मेढ बरी. सागाविषयीही हेच समजावे. निलगिरीचे वासे सरळ व स्वस्त मिळतात खरे, पण कोवळ्या वाशात गाभा थोडाच असतो व वाळवीला ते फार आवडतात. बांबू आडव्या कामास उत्तम. जमिनीत रोवल्यास तो एक ते तीन वर्षांत कुजतो. तीन वर्षे वाढलेला बांबू पावसाळा संपल्यावर, थंडीत तोडावा, दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवावा व सावलीत उभा करून वाळवावा. असे केल्याने त्यातील पिष्ट व साखर कमी होते आणि भुंगेऱ्यांचा उपद्रव घटतो. स्वतःच्या शेतातील बांबू तोडण्यास पूर्वी परवान्याची अडचण असे. वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू २०१७ साली भारतीय वन कायद्यातील ‘झाड’ या व्याख्येतून वगळण्यात आला. सरकारी रानातील लाकडास मात्र ही मोकळीक नाही, हे विसरू नये.

ज्यांस एक वर्ष वाट पाहण्याचा धीर आहे, त्यांनी जिवंत मेढी लावाव्या. गिरिपुष्प किंवा पांगारा यांची मनगटाएवढी जाड फांदी पावसाच्या आरंभी रोवली असता मूळ धरते, आणि जी मेढ जगते ती कुजत नाही. कोकणात मिरवेल पांगाऱ्यावर चढवितात, ते काही उगाच नव्हे. माथा वरचेवर छाटावा लागतो, नाहीतर त्याची सावली वेलास बाधते. पण गिरिपुष्पाचा तोच पाला वेलाच्या आळ्यात उत्तम खत होतो.

वाळक्या मेढीचा खालचा अडीच फूट भाग डांबराने माखावा, परंतु लाकूड पूर्ण वाळल्यावरच. ओल्या लाकडास डांबर लाविले तर ओल आतच कोंडते. बुडखा नुसता जाळून काळा करण्याच्या रीतीवर आमचा फारसा भरवसा नाही, कारण कोळशाच्या भेगांतून पाणी आत जातेच. इंजिनाचे जळके तेल तर ज्या मातीतील भाजी मुलांच्या मुखी जावयाची, त्या मातीत ओतूच नये.

रोवण्याचे काम पाऊस पडण्यापूर्वी, बी टोकण्याच्याही आधी उरकावे. पहारीने दोन फूट खोल खड्डा घ्यावा. काळ्या जमिनीत तीच माती परत लोटू नये. ती पावसात फुगते, उघडीप पडताच आक्रसते, आणि मेढ सैल होते. मुरूम व दगडाच्या कपऱ्या अर्धा-अर्धा फूट टाकून पहारीच्या बोथट टोकाने ठासाव्या व वर मातीचा उंचवटा करावा, म्हणजे पाणी बुडाशी थांबत नाही. दोन मेढींत आठ फुटांपेक्षा अधिक अंतर नसावे. कोपऱ्यांच्या मेढी किंचित बाहेर कललेल्या असाव्या, आणि प्रत्येकीस तारेचा ताण देऊन तो दोन फूट खोल पुरलेल्या धोंड्यास बांधावा. हा धोंडा पुष्कळजण वगळतात, आणि मांडव प्रथम कोपऱ्यातूनच ढासळतो.

उंची सहा फुटांच्या आत-बाहेर ठेवावी. घरधनी आपल्या हाताच्या मापाने मांडव घालतो, आणि फळे तोडावयास पाटावर चढते ती घरची बाई. तेव्हा तिला आधी विचारावे. वर कडेने १० गेजची तार ओढून मध्ये १६ गेजची तार दीड-दोन फुटांवर विणावी, अथवा चिरलेले बांबू टाकावे. बांबूला खिळा ठोकू नये, तो चिरतो. खाच पाडून काथ्याने आवळावे. सुतळी पावसात कुजते.

वेल मांडवाला टेकेपर्यंत दोरीवर एकटाच चढवावा व बगलेतील फुटवे खुडावे. वर गेल्यावर मोकळा सोडावा. पडवळाच्या टोकाला लहान दगड बांधण्याची आजीबाईंची युक्ती अद्यापि उपयोगाची आहे.

पीक निघाल्यावर वाळके वेल उतरवून जाळीवरील भार हलका करावा, आणि पुढील वैशाखात प्रत्येक मेढीच्या बुडाशी चाकूचे टोक खुपसून पाहावे. टोक सहज आत शिरले तर ती मेढ बदलावी. कुजका भाग कापून उरलेला तुकडा घेवड्याच्या आधारास कामी येतो.